पाठमोऱ्याचा शब्द

खोपटातली वाटणी एकाच रीतीनं व्हायची. पिंपाचं झाकण जमिनीवर ठेवायचं आणि जे काही मिळालं असेल त्याचे बारा वाटे त्यावर मांडायचे. एकानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्यानं वाटा उचलायचा. चरबीचा तुकडा आला तर नशीब, नुसतं हाड आलं तरी नशीबच. तक्रार करायची नाही.

ही रीत कुणी घालून दिली कोण जाणे, पण घालून देणारा भुकेल्या माणसांत राहिलेला होता एवढं नक्की. त्या हिवाळ्यात, इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या अमेरिकी फौजेच्या व्हॅली फोर्जमधल्या छावणीत चोऱ्या झाल्या, माणसं पळून गेली, आसपास येऊन वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या कोंबड्या गायब झाल्या. पण पाठमोऱ्याचा शब्द कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं. तो एकदा मोडला असता, तर दुसऱ्या दिवसापासून बाराजण एकमेकांच्या नरडीलाच लागले असते.

त्या सकाळी भिंतीकडे तोंड जेबेझ टटलचं होतं. बोट ठेवायला प्राइमस बसला होता. झाकणावर निखाऱ्यावर भाजलेल्या पिठाच्या भाकऱ्या होत्या. पीठ आणि पाणी, बाकी त्यात काही नाही. वरून काळ्या, आतून कच्च्या. बाजूला खारवलेल्या गोमांसाच्या बारा चिंधड्या. त्यांच्या वासावरून ती गाय क्रांतीच्या आधीच मेली असावी, असं प्राइमस म्हणाला.

"हा कुणाचा?"

"झेडॉकचा."

"हा कुणाचा?"

"तुझा."

"आणि हा?"

"भिंतीपलीकडच्याचा," जेबेझ म्हणाला.

भिंतीपलीकडचा म्हणजे असाहेल पर्क. ही भिंत खोपटाची नव्हे, कनेक्टिकटमधल्या त्यांच्या गावची. टटल आणि पर्क यांच्या शेतांमध्ये एक दगडी बांध होता. जेबेझचं म्हणणं, पर्कनं तो रातोरात दोन हात अलीकडे सरकवला. असाहेलचं म्हणणं, टटलच्या बापानं चोरलेली जमीन त्यानं फक्त परत घेतली. गावात पंच बसले, पाद्र्यानं समजूत घातली, आणि दोघंही शहाणे असल्यामुळे कुणाचंच ऐकलं नाही. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं नाव घेतलेलं नव्हतं. सैन्यात भरती झाले तेही एकाच दिवशी, दुसरा गेला आणि आपण मागे राहिलो असं गावानं म्हणू नये म्हणून. आणि सरकारची अक्कल अशी, की त्यांना एकाच खोपटात घातलं. वाटणीच्या वेळी असाहेल पाठमोरा असला की तोसुद्धा जेबेझच्या वाट्याला म्हणायचा, "भिंतीपलीकडच्याचा."

आता मात्र असाहेल काही म्हणत नव्हता. तो मागच्या फळीवर पेंढ्यात पडला होता. बर्फात पहारा करून त्याची छाती भरली होती. श्वास घेताना भाता फुंकल्यासारखा आवाज यायचा.

"त्याचा वाटा कशाला काढता?" झेडॉक म्हणाला. "त्याला गिळवत नाही. उगाच वाया जातं."

"पाण्यात कालवून घालेन मी," प्राइमस म्हणाला.

"घाल आणि उद्या त्याचं मयत उचल. अरे, माणसाला इस्पितळात पाठवा म्हणतोय, काही पाप सांगत नाहीये."

जेबेझ भिंतीकडून वळला. उंच, हाडकुळा, चाळिशीचा माणूस. रागावला की त्याचा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. "इस्पितळात गेलेला एक माणूस परत आलेला दाखव. एकच. मी स्वतः याला खांद्यावर घेऊन जातो."

दाखवायला कुणी नव्हतंच. इस्पितळ म्हणजे नदीपलीकडचं कुणाचं तरी धान्याचं कोठार. तिथे एका पेंढ्यावर दोघे निजायचे. खोकला घेऊन गेलेल्याला शेजाऱ्याचा ताप लागायचा, आणि मग त्या जागी तिसरा यायचा. आजारी माणसं न्यायला दर आठवड्याला गाडी यायची. छावणीत तिला सगळे नुसतं 'गाडी' म्हणायचे. दुसरी कुठली गाडी येतच नव्हती.

दुपारी लेफ्टनंट पेल्टन आला. पोरगेलासा, प्रामाणिक माणूस. त्याच्याही अंगावर कोट नव्हता, जुन्या घोंगडीचा शिवलेला झगा होता, आणि तो घालून हुकूम देताना त्याला स्वतःलाच लाज वाटत असावी. दारातून वाकून तो आत आला. धुरानं त्याचे डोळे चुरचुरले.

"बाराजण आहेत ना? कवायतीला तिघेच आले."

"विजारी तीनच आहेत साहेब," जेबेझ म्हणाला. "डगले दोन. जोड्यांचा जोड एकच आहे. ज्याची पाळी तो घालतो. बाकीचे असे बसून असतात."

ते खरंच होतं. नऊजण पेंढ्यात घोंगड्या गुंडाळून बसलेले. पहाऱ्याला जाणारा जोडे नसले की टोपी काढून बर्फावर ठेवायचा आणि तिच्यावर उभा राहायचा. डोकं गारठलं तर चालतं, पाय गारठला तर करवत लागते.

"आजारी कुणी?"

"उघडे आहोत साहेब. आजारी कुणी नाही."

मागून असाहेलच्या छातीतून तो आवाज आला. तेवढ्यात प्राइमसला जोराचा खोकला लागला, त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याला, आणि मग खोपटभर सगळेच खोकायला लागले. लेफ्टनंट काही क्षण उभा राहिला. त्याला कळलं की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"डॉक्टरांचा सक्त हुकूम आहे," तो म्हणाला. "ज्याला उभं राहता येत नाही तो गाडीत जाणार. पण विजारीवाचून पडलेल्या माणसाला मी आजारी लिहू शकत नाही. कपड्यांसाठी मी लिहिलंय. तिसऱ्यांदा."

तो गेल्यावर झेडॉकनं कपाळाला हात लावला. "म्हणजे आपली गरिबीच याला जगवतेय."

"कुणाला तरी जगवू दे," प्राइमस म्हणाला. "इतके दिवस तिनं नुसतं मारलंच."

एका गोष्टीचं जेबेझला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. त्याला असाहेल आवडत नव्हता. आजारी असताना तर मुळीच नाही, कारण आजारी असाहेल तापात स्तोत्रं म्हणायचा आणि ती बेसूर म्हणायचा. पण गाडीचं नाव निघालं की जेबेझ उठून असाहेलची फळी आणि दार यांच्या मधे जाऊन बसायचा. कंपनीचे कपडे धुणारी मेहिटबेलबाई असाहेलच्या छातीवर कांद्याचं पोटीस बांधायला यायची. तिनं एकदा विचारलंच, "तुमचं तर हाडवैर ना रे? मग एवढी राखण कशाला?"

"बाई, हा मेला तर बांधाचं काय?" जेबेझ म्हणाला. "मेलेल्याशी मी कसा भांडू? आणि मरायचंच असेल तर राजाच्या गोळीनं मरेल. आमच्याच गाडीत, आमच्याच हातानं घालून नाही. तिकडे फिलाडेल्फियात ते लाल डगलेवाले इंग्रज शेकोटीपाशी नाचतायत. वाट बघतायत, की इकडे एकेकाला आपणच कधी उचलून टाकतो. मी नाही टाकत."

पोटीसाची गाठ बाईनं जरा जास्तच आवळली.

मग जी गोष्ट अख्खा हिवाळा घडली नव्हती, ती घडली. कपड्यांची गाडी आली.

आधी कुणाचा विश्वास बसेना. झोपड्यांच्या रांगेत रोज आरोळ्या उठायच्या, "मांस नाही! मांस नाही!" एका खोपटानं सुरू केलं की पुढचं उचलायचं, अशी ती आरोळी टेकडीच्या टोकापर्यंत जायची. त्या दिवशी ती मधेच थांबली आणि टेकडीवर अगदी चिडीचूप झालं. लेफ्टनंट पेल्टन स्वतः आला. मागे दोन शिपाई गठ्ठे उचलून. नऊ विजारी, नऊ डगले, नऊ जोड.

"तुमच्या खोपटासाठी," तो म्हणाला. त्याचा चेहरा पोरासारखा फुलला होता. "मी मागितले होते तितके. पलीकडच्या खोपटातल्या ऱ्होड आयलंडवाल्यांना एकही नाही, त्यांचा अधिकारी भांडला नाही म्हणून. उद्या सकाळी सगळे बारा कवायतीला. माझी कंपनी पहिल्यांदा पूर्ण उभी राहील." मग त्याचा आवाज जरा मऊ झाला. "उद्या गाडीही येणार आहे. आता पडून राहायला कुणाला कारण नाही."

तो गेला. खोपटात नऊ गठ्ठे उरले, नव्या लोकरीच्या वासाचे. झेडॉकनं एक विजार गालाला लावली आणि त्याचे डोळे भरून आले. त्यात हसण्यासारखं काही नाही. दोन महिने उघड्या मांड्यांनी ज्यानं हिवाळा काढलाय त्यानं हसावं.

मग एकेकाचं लक्ष मागच्या फळीकडे गेलं.

"बारावा कोण उभा राहणार?" कुणीतरी विचारलं.

"याला दोघांनी धरलं तर?"

"कवायतीत? अख्ख्या पलटणीसमोर?"

"मग याला एकट्याला कपडे नकोत," झेडॉक म्हणाला. "म्हणायचं, याचे कमी पडले."

"नऊ मागितले, नऊ आले. लेफ्टनंटनं स्वतः मोजून दिले," प्राइमस म्हणाला. "अकरा जण कपड्यांत आणि एकच घोंगडीत, म्हणजे तो आजारी. आंधळ्यालाही कळेल. सगळेच घोंगडीत, तर ती नुसती फौज."

तो सहज बोलून गेला, पण बोलल्यावर सगळ्यांच्या नजरा नव्या गठ्ठ्यांकडे वळल्या. झेडॉकनं विजार छातीशी धरली. "नाही," तो म्हणाला. "ते नाही हं. वेड लागलंय का? शेळी जाते जिवानिशी, आणि तुम्हाला दुसऱ्याची पडलीय. मी काय म्हणतो, त्याला गाडीत घाला. चांगला जाड डगला घालून घाला, माझा घ्या. पण घाला."

प्राइमसनं मान वर केली. तो सहसा स्वतःबद्दल बोलायचा नाही. "मला माझ्या मालकानं गाडीत घालूनच आणलं होतं न्यू हेवनला, विकायला. भरती झालास तर सुटशील म्हणाला, म्हणून इथे आहे. या युद्धात मी बऱ्याच गोष्टी करीन झेडॉक. पण ज्याला जायचं नाही त्या माणसाला गाडीत घालायला माझा हात लागणार नाही."

"मग ठरवणार कोण?"

"वाटणी कशी ठरते?" जेबेझ म्हणाला. तो उठला. उद्याच्या पहाऱ्याची वाटणी, लाकडाची वाटणी, सगळं त्याच रीतीनं व्हायचं, तेव्हा कपडेही तसेच वाटायचे यात कुणाला गैर वाटलं नाही. त्या दिवशी पाळी पुन्हा त्याचीच होती. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. झेडॉकनंसुद्धा हातातली विजार परत गठ्ठ्यावर ठेवली, कारण रीत म्हणजे रीत. नाव आलं की घ्यायचीच होती.

प्राइमसनं पहिल्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

जेबेझ ओंडक्यांच्या फटीतली माती बघत होता. दोन ओंडक्यांमधून बारीक वारा येत होता आणि त्याच्या उघड्या पोटऱ्यांना लागत होता. त्यालाही विजार हवी होती. देवाशपथ हवी होती.

"पलीकडच्या खोपटाचा," तो म्हणाला.

प्राइमसचं बोट दुसऱ्या गठ्ठ्यावर गेलं. "हा कुणाचा?"

"पलीकडच्या खोपटाचा."

"जेबेझ," झेडॉक हळूच म्हणाला. "अरे जेबेझ, थट्टा पुरे."

"हा कुणाचा?"

"पलीकडच्या खोपटाचा."

हे न्याय्य होतं असं मी म्हणणार नाही. अकराजणांच्या अंगावरचं एका माणसानं पाठ फिरवून देऊन टाकायचं, याला न्याय म्हणत नाहीत. झेडॉक उठून त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला, मूठ वळून. त्याला खांदा धरून फिरवायचा होता आणि थोबाडीत द्यायची होती. पण पाठमोऱ्याला हात लावला की रीत गेली, आणि रीत गेली की उद्याच्या भाकरीला कोण कुणाचा? झेडॉक तसाच मूठ वळून उभा राहिला. प्राइमस विचारत राहिला. नऊ वेळा विचारलं, नऊ वेळा तेच उत्तर आलं.

शेवटी झेडॉक खाली वाकला आणि दोन गठ्ठे काखेत मारले.

"कुठे निघालास?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"कुठे म्हणजे? ज्याचे त्याला द्यायला," झेडॉक म्हणाला. "आणि जेबेझ टटल, तुझा तो बांध पर्कच्याच जमिनीत आहे. गावच्या पाद्र्याला मी स्वतः सांगणार आहे." घोंगडी सावरत, शिव्या देत तो बर्फात उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवायतीचा ढोल वाजला आणि खोपटातून तिघेच बाहेर पडले. लेफ्टनंट पेल्टन पाय आपटत आला. मागे थोड्या अंतरावर गाडी उभी होती, आणि तिच्यात आधीच काहीजण आडवे होते. तो आत शिरला. नऊजण घोंगड्यांत. त्यांत असाहेल, बाकीच्यांसारखाच, भिंतीला टेकवून बसवलेला.

"कपडे कुठे आहेत?"

"वाटले साहेब," जेबेझ म्हणाला.

"कुणाला?"

"पलीकडच्या खोपटाला."

लेफ्टनंटचा चेहरा पडला. तीनदा लिहून, भांडून त्यानं ते मिळवले होते. "कुणी ठरवलं?"

"पाठमोऱ्यानं."

ही रीत अधिकाऱ्यांच्या जेवणातही होती. तिच्याविरुद्ध हुकूम काढणं लेफ्टनंटला शक्य नव्हतं. मग त्यानं विचारलं, "भिंतीकडे तोंड कुणाचं होतं?"

जेबेझ उठायला लागला. त्याच्या आधी झेडॉक बोलला. "माझं साहेब."

"माझं," प्राइमस म्हणाला.

"माझं." "माझं साहेब." कोपऱ्याकोपऱ्यातून आवाज येत गेले.

लेफ्टनंट त्या नऊ चेहऱ्यांकडे बघत राहिला. असाहेलवर त्याची नजर जरा जास्त थांबली. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि अशा थंडीत घाम कुणाला येतो हे लेफ्टनंटलाही कळत होतं.

"फौजेची मालमत्ता वाटून टाकलीत," तो शेवटी म्हणाला. "आठवडाभर सगळ्या रांगेचा लाकूडफाटा तुम्ही ओढायचा. विजारी असोत नसोत. आणि एक माणूस खोपटात विस्तव राखायला मागे राहील. रोज तोच राहील." बाहेर पडता पडता त्यानं गाडीवानाला हात केला, "या खोपटात कुणी नाही. चल पुढे."

मग आठवडाभर छावणीनं तो तमाशा पाहिला. घोंगड्या दोरीनं कमरेला बांधलेली, पायांना चिंध्या गुंडाळलेली माणसं जंगलातून ओंडके ओढत आणायची. पहिल्या दिवशी कुणीतरी हसलं. जेबेझनं थांबून, त्या खोल आवाजात ओरडायला सुरुवात केली, "विजार नाही!" मागच्या सगळ्यांनी उचललं, "विजार नाही! विजार नाही!" आणि ती आरोळी रांगेतून टेकडीच्या टोकाला गेली, कदाचित फिलाडेल्फियालाही गेली असेल. वाऱ्याची दिशा तिकडचीच होती. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोपटातले ऱ्होड आयलंडवाले नव्या विजारी घालून बाहेर आले, काही न बोलता दोरीला हात लावला आणि ओढायला लागले. त्यांतला एकजण झेडॉकच्या शेजारी होता. झेडॉक सबंध वाटभर त्याच्या विजारीकडे बघत होता.

"उबदार आहे का रे?" त्यानं शेवटी विचारलं.

"फार."

"असू दे. जप तिला," झेडॉक म्हणाला.

मार्चमध्ये बर्फ चिखल झाला. छातीचा तो भाता आधी मंदावला, मग थांबला. असाहेल जगला. का जगला ते डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. मेहिटबेलबाईच्या मते कांद्यानं, प्राइमसच्या मते हट्टानं. एके दिवशी तो फळीवरून उतरून म्हणाला, आज पाठमोरा मी. त्याला भिंतीला टेकवून उभं केलं, कारण नुसतं उभं राहवत नव्हतं.

त्या दिवशी मांस होतं. प्राइमसनं बारा वाटे घातले आणि एकेकावर बोट ठेवत गेला. असाहेल दम खात नावं घेत होता. झेडॉकचा. तुझा. मग प्राइमसनं बोट ठेवलं त्या वाट्यावर मांसच नव्हतं, नुसतं गुडघ्याचं हाड होतं.

"हा कुणाचा?"

असाहेलनं कपाळ ओंडक्याला टेकवलं. जेबेझ जमिनीकडे बघत होता. काय ऐकायला मिळणार हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"जेबेझचा," असाहेल म्हणाला. आणि थोडा दम घेऊन, "बांध मात्र माझ्याच जमिनीत आहे."

जेबेझनं हाड उचललं आणि विस्तवाजवळ जाऊन बसला. झेडॉकनं आपल्या वाट्यातलं मांस पुढे केलं, पण त्यानं ते घेतलं नाही. ते हाड त्यानं दगडावर फोडलं, आतला मगज शेवटच्या कणापर्यंत चोखून काढला, आणि त्या दिवशी तो कुणाशीही भांडला नाही.